घरगुती व्हॅक्यूम फॉर्मिंग यंत्र: शीट मध्यभागी लोंबते, कोपरे मात्र कडकच राहतात

माशेलचा नाट्यवेडा

नमस्कार. आमच्या गावात देवळाच्या जत्रेला दरवर्षी हौशी कलाकारांचे मराठी नाटक होते आणि यंदा ऐतिहासिक नाटक निवडल्यामुळे बारा शिपायांची छातीवरची चिलखते करून देण्याचे काम माझ्याकडे आले आहे. आजवर आम्ही अशा वस्तू पुठ्ठा आणि कागदाच्या लगद्यातून करत आलो. परंतु पावसाळ्यात माळ्यावर ठेवलेला लगदा मऊ पडतो, त्याला बुरशी धरते आणि पुढच्या वर्षी सगळे पहिल्यापासून करावे लागते. म्हणून या वेळी प्लास्टिकची शीट तापवून साच्यावर ओढून घेण्याचे यंत्र घरीच बांधले.

साचा गावातल्या चित्रशाळेत मातीत घडवून घेतला व त्यावरून प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये ओतला. त्याची उंची 90 मिलिमीटर आहे. शीट हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरिनची, म्हणजे बाजारात ज्याला हिप्स म्हणतात तिची, 1.5 मिलिमीटर जाडीची आणि 300 बाय 450 मिलिमीटर मापाची आहे. ओव्हन म्हणजे त्याच मापाची पत्र्याची उपडी पेटी असून तिच्या आत हॉट प्लेटची 2000 वॉटची एकच कॉइल मी नागमोडी ताणून बसवली आहे. शीट तिच्याखाली साधारण 100 मिलिमीटरवर येते. साच्याखालच्या भोकांच्या टेबलातून हवा ओढण्यासाठी घरचाच व्हॅक्यूम क्लीनर वापरतो.

अडचण अशी की सुमारे 70 सेकंदांत शीटचा मधला भाग 60 मिलिमीटर खाली लोंबतो आणि चकाकू लागतो, तरी चारही कोपरे कडकच असतात. साच्यावर ओढल्यानंतर छातीचा भाग कागदासारखा पातळ होतो, कडेचे नक्षीकाम नीट उमटत नाही आणि साच्याच्या कोपऱ्यांपाशी शीटला उभ्या चुण्या पडतात. व्हॅक्यूम क्लीनरऐवजी मोठा पंप घ्यावा काय, असा माझा प्रश्न आहे. खर्च मंडळाच्या वर्गणीतून करायचा असल्यामुळे विचारूनच पुढे जावे असे वाटले.

फोंड्याचा फिटर

पंपाचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. आपण लिहिलेली लक्षणे ओव्हनची आहेत. कॉइल शीटला प्रामुख्याने किरणांनी तापवते, आणि शीटच्या मध्यबिंदूला चारही बाजूंच्या कॉइलची उष्णता मिळत असली, तरी काठावरच्या बिंदूला एका बाजूची मिळतच नाही आणि कोपऱ्याला तर दोन बाजूंची मिळत नाही. तापणारा पृष्ठभाग शीटच्याच मापाचा असेल तर ढोबळ हिशेबाने काठाला मध्याच्या निम्मी आणि कोपऱ्याला चौथाई उष्णता पोहोचते. त्यात शीट धरणारी लोखंडी चौकट थंड असली की ती काठाची उष्णता शोषून घेते, ते वेगळेच. तेव्हा कॉइल सगळीकडे सारख्या अंतरावर बसवण्यात आपण जो नेटकेपणा दाखवला, तोच येथे नडला आहे.

माझी सूचना अशी की ओव्हनची पेटी 400 बाय 550 मिलिमीटरची करावी, म्हणजे ती शीटच्या प्रत्येक बाजूला 50 मिलिमीटर बाहेर जाईल, आणि आतल्या भिंतींना चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा लावावा. 2000 वॉटच्या एका कॉइलऐवजी 1000 वॉटच्या दोन घ्याव्यात. एक केवळ परिघावरून फिरवावी व कोपऱ्यांत तिचे वेटोळे दाट ठेवावेत. दुसरी मधल्या भागात विरळ पसरावी. परिघाची कॉइल पूर्ण चालू राहील, मधली मात्र सिमरस्टॅटमधून घ्यावी, म्हणजे ती किती वेळ चालू आणि किती वेळ बंद राहावी हे आपल्याला बटण फिरवून ठरवता येईल. पंख्याचा रेग्युलेटर या कामाला लावू नये, तो इतका भार सोसत नाही. कॉइलला दर 100 मिलिमीटरवर चिनी मातीचा आधार द्यावा, कारण कॉइलची निक्रोम या मिश्रधातूची तार लाल झाली की स्वतःच्याच वजनाने खाली येते. काही जण यासाठी खोली तापवणाऱ्या हीटरच्या क्वार्ट्झ नळ्या वापरतात आणि त्या चांगल्याही असतात. पण गोव्यात खोली तापवायची गरज कोणाला पडणार, त्यामुळे हॉट प्लेटची कॉइलच आपल्याला सहज मिळेल.

उष्णता कोठे कमी पडते हे पाहण्याची एक स्वस्त युक्ती सांगतो. दुकानात बिलासाठी वापरतात तो थर्मल कागद उष्णतेने काळा पडतो. त्याच्या पट्ट्या प्लायवर शीटच्या मापात शेजारी शेजारी चिकटवून तो प्लाय शीटच्या जागी काही सेकंदच सरकवावा आणि लगेच बाहेर काढावा. जेथे कागद पांढरा राहील तेथे कॉइल दाट करावी. मी स्वतः तीन वेळा वेटोळे हलवल्यावर पट्ट्या एकसारख्या काळ्या झाल्या होत्या.

आणखी एक गोष्ट. ओव्हनमध्ये थर्मामीटर लावून त्याच्या आकड्यावर विसंबू नये, कारण तो पेटीतल्या हवेचे तापमान सांगतो, शीटचे नव्हे. हिप्सला साधारण 150 ते 180 अंश सेल्सिअसपर्यंत नेले की ती ओढण्याजोगी होते, आणि ती वेळ शीट स्वतःच सांगते: प्रथम तिच्यावर लाटा उठतात, मग त्या विरून शीट पुन्हा सपाट होते आणि त्यानंतर ती एकसारखी लोंबू लागते. लाटा उठलेल्या असतानाच जो घाई करतो त्याची शीट वाया जाते. घाईने उष्णता वाढवण्यातही लाभ नाही, कारण प्लास्टिक उष्णतेचे फार मंद वाहक आहे आणि वरचा पृष्ठभाग जळू लागला तरी खालची बाजू कच्ची असू शकते. जाडी दुप्पट झाली तर उष्णता आरपार जायला सुमारे चौपट वेळ लागतो, हे पुढेमागे 3 मिलिमीटरची शीट घ्याल तेव्हा ध्यानात ठेवावे.

खारवी

वरील उत्तरातील ओव्हनविषयीचे सर्व मुद्दे मान्य आहेत, मात्र पंप बाजूला ठेवावा हे मला पटत नाही. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर हवा भरपूर ओढतो, पण त्याची ओढ साधारण 15 ते 20 किलोपास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या पंचमांशाच्या आसपासच असते. चिलखताच्या मोठ्या गोलाईला एवढे पुरेल, परंतु कडेचे बारीक नक्षीकाम त्याने कधीच धारदार उमटणार नाही, मग शीट कितीही एकसारखी तापवा. उलट फ्रिजच्या जुन्या कॉम्प्रेसरची ओढ पुष्कळ जास्त असते, पण तो इतका सावकाश ओढतो की तोवर शीट थंड होऊन जाते. यावर उपाय म्हणजे मध्ये टाकी ठेवणे: कॉम्प्रेसरने टाकी आधीच रिकामी करून ठेवायची आणि शीट साच्यावर बसताक्षणी मोठ्या तोंडाचा बॉल व्हॉल्व्ह उघडायचा.

आपल्या मापाचा हिशेब करून पाहिला. साच्याभोवती व खाली मिळून साडेतेरा लिटर हवा धरली आणि 50 लिटरच्या टाकीत केवळ 10 किलोपास्कल दाब शिल्लक ठेवला, तर व्हॉल्व्ह उघडल्यावर दोन्हीकडे मिळून सुमारे 29 किलोपास्कल दाब उरतो. म्हणजे शीटवर 70 किलोपास्कलहून अधिक ओढ मिळते, व्हॅक्यूम क्लीनरच्या जवळजवळ चौपट. टाकीसाठी हवेच्या कॉम्प्रेसरची जुनी टाकी पाहावी. गॅसचा सिलिंडर कापून टाकी करण्याच्या फंदात कोणीही पडू नये, आत राहिलेल्या वायूचा भडका उडतो.

मात्र त्याबरोबर खालचे टेबलही मजबूत करावे लागेल. 300 बाय 450 मिलिमीटरवर 20 किलोपास्कल ओढ असतानाच सुमारे पावणेतीनशे किलोंचा भार पडतो आणि टाकी लावल्यावर तो टनाच्या घरात जातो. साधा एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला फळा, आपल्याकडच्या दमट हवेत फुगतो व मध्येच वाकतो. होड्यांच्या कामाला लागतो तो 18 मिलिमीटरचा मरीन प्लाय घ्यावा आणि भोकांच्या जाळीखाली लाकडी ठोकळ्यांचे आधार द्यावेत.

फोंड्याचा फिटर

खारवी यांचा हिशेब बरोबर आहे आणि नक्षीकामासाठी टाकी लागेल हेही मी मान्य करतो. माझे म्हणणे क्रमाविषयी होते. शीट असमान तापलेली असताना ओढ चौपट केली, तर मधला पातळ भाग फाटेल आणि दोष पंपाचा की ओव्हनचा हे कळणारच नाही. आधी ओव्हन, मग टाकी.

सड्यावरचा वायरमन

उघड्या कॉइलचे यंत्र मंडळाच्या खोलीत, चार मुलांच्या वावरात चालणार असल्यामुळे विजेविषयी लिहिणे भाग आहे. 2000 वॉटला 230 व्होल्टवर सुमारे 8.7 अँपिअर लागतात, तेव्हा 6 अँपिअरचा साधा सॉकेट चालणार नाही, 16 अँपिअरचाच हवा. पेटी, चौकट आणि सरकते रूळ हे सगळे अर्थला जोडावे. आपल्याकडे जांभ्या दगडाच्या सड्यावर जमिनीतले अर्थिंग बहुधा कमकुवत असते, उन्हाळ्यात तर अधिकच, म्हणून केवळ अर्थिंगवर न विसंबता 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, अवश्य बसवावी. स्विच दोन्ही तारा तोडणारा असावा, कारण एकच तार तोडणारा स्विच चुकून न्यूट्रलवर लागला तर कॉइल थंड दिसूनही जिवंत राहते. कॉइलची टोके डाख देऊन जोडू नयेत, डाख वितळतो. पितळी स्क्रूचे चिनी मातीचे कनेक्टर आणि काचतंतूच्या वेष्टनाची तार वापरावी.

उष्णता रोखण्यासाठी जुन्या छपराच्या ॲस्बेस्टॉसच्या पत्र्याचे तुकडे कापू नयेत, त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. सिरॅमिक वूल बाजारात मिळते. तेही हाताळताना मास्क बांधावा. शीट म्हणून पीव्हीसी मुळीच घेऊ नये, जास्त तापल्यास त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू सुटतो. हिप्सही कॉइलला टेकली तर पेट घेते. म्हणून कॉइलखाली तारेची जाळी असावी, कोरड्या पावडरचे अग्निशामक नळकांडे हाताशी असावे आणि शीट तापत असताना तेथून कोणी हलू नये. चहासाठीसुद्धा नाही.

माशेलचा नाट्यवेडा

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे. ओव्हन सांगितल्याप्रमाणे नव्याने बांधला, वायरिंग गावातल्या परवानाधारक वायरमनकडून करून घेतले आणि दोन कॉइल वेगळ्या केल्या. थर्मल कागदाच्या पहिल्याच चाचणीत चारही कोपरे पांढरेशुभ्र राहिले होते, ते पाहून इतके दिवस मी काय तापवत होतो असे वाटले. आता शीटला 70 ऐवजी 110 सेकंद लागतात, पण ती सगळीकडून सारखी, साधारण 35 मिलिमीटर लोंबते आणि छातीचा भाग बोटाने दाबला तर वाकत नाही. टाकी अजून घेतलेली नाही.

दोन गोष्टी मात्र राहिल्या आहेत. साच्याच्या खालच्या दोन कोपऱ्यांपाशी चुण्या अजूनही पडतात. दुसरे म्हणजे, एकाने दिलेली एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकची शीट वापरून पाहिली तर तिच्यावर बारीक फोड आले.

फोंड्याचा फिटर

फोड ओलाव्याचे आहेत. एबीएस हवेतला ओलावा शोषते आणि तापवल्यावर त्याची वाफ होऊन फोड येतात. आपल्या पावसाळ्यात तर येणारच. शीट 80 अंशांवर तीन-चार तास सुकवून लगेच वापरावी, नाहीतर हिप्सवरच राहावे, तिला हा त्रास जवळजवळ नाही.

चुण्यांचे कारण असे की उंच कोपऱ्यापाशी शीटचा जादा भाग दोन्ही बाजूंनी एकत्र येतो आणि त्याला जायला जागा नसते. साच्याच्या बाजूंना तीन ते पाच अंशांचा उतार द्यावा, खालचे कोपरे कानशीने गोल करावेत, आणि साचा व चौकट यांच्यात साच्याच्या उंचीइतकी मोकळी जागा राहते का ते पाहावे. 90 मिलिमीटर उंचीला आपल्या शीटमध्ये ती राहत नसावी. तसे असेल तर चुणी पडते तेथेच, साच्यापासून बोटभर अंतरावर, फणसाच्या लाकडाचा एक छोटा तिरका ठोकळा ठेवावा. जादा शीट त्या ठोकळ्यावर ताणली जाते, चुणी चिलखताबाहेर पडते आणि कापताना ती निघून जाते. साच्याला ओढण्यापूर्वी टाल्कम पावडर चोळावी, आणि प्लास्टर पूर्ण सुकलेले नसेल तर आधी तो दोन दिवस उन्हात ठेवावा.

माशेलचा नाट्यवेडा

ठोकळे ठेवून आज तीन चिलखते काढली. डाव्या बाजूची चुणी पूर्ण गेली, उजवीकडची कापायच्या रेषेच्या अर्धा इंच आत येते, म्हणजे तो ठोकळा अजून थोडा जवळ सरकवावा लागेल. उरलेली नऊ रविवारी काढतो.