फ्रान्समध्ये भाड्याची गाडी आणि बॅगा : तुमचे अनुभव लिहा

पुढच्या जूनमध्ये फ्रान्सला जायचं चाललंय. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासू-सासरे, म्हणजे सहा जणं. पॅरिस, मग खाली प्रोव्हान्स आणि जमलं तर आल्प्सजवळचं आनसी. टूर कंपनीबरोबर जायचं नाही हे नक्की कारण रोज सकाळी सहाला बॅगा दाराबाहेर ठेवायच्या हे सासऱ्यांना झेपत नाही. विमान, हॉटेल, व्हिसा याची माहिती ढीगभर मिळते पण सहा माणसं आणि त्यांच्या बॅगा एका गाडीत कशा बसवायच्या, गाडी कुठून घ्यायची, बॅगा गाडीत ठेवून फिरता येतं का हे कोणी नीट सांगत नाही. ज्यांनी स्वतः तिकडे गाडी चालवलीय त्यांनी प्लीज लिहा, लांब लिहिलंत तरी चालेल, उलट लांबच लिहा.

———

सहा जणं म्हणालात म्हणून आधी हेच सांगते. सेव्हन सीटर बुक करू नका. कागदावर सात सीट दिसतात पण तिसरी रांग उभी केली की डिकी उरतच नाही. डाचिया जॉगर तिकडे खूप दिसते, तिच्यात साती सीट उभ्या असताना मागे फक्त १६० लिटर जागा राहते, म्हणजे दोन केबिन बॅगा आणि वर एखादी पिशवी. तिसरी रांग पाडली की तीच डिकी साडेपाचशेच्या पुढे जाते, पण मग माणसं पाचच. प्यूजोच्या सेव्हन सीटरचंही असंच आहे. सहा माणसं आणि प्रत्येकाची चेक-इन बॅग असेल तर पर्याय दोनच, नाइन सीटर व्हॅन नाहीतर दोन लहान गाड्या. ड्रायव्हर धरून नऊपर्यंत सीट असलेली व्हॅन साध्या कार लायसन्सवर चालवता येते.

आम्ही रेनॉ ट्राफिक ही व्हॅन घेतली होती, आई-बाबा, भाऊ-वहिनी, भाचरं सगळे मिळून. बॅगा उभ्या मावल्या, कोणाच्या मांडीवर काही नाही, बाबा मागे पाय पसरून झोपायचे. पण तिची उंची १.९७ मीटर आणि शहरातली अंडरग्राउंड पार्किंग बरीचशी १.९० ची. दारावर आडवी पट्टी लटकत असते तिच्यावर आकडा लिहिलेला असतो तो वाचल्याशिवाय आत शिरायचंच नाही. म्हणून हॉटेल बघताना आधी पार्किंग उघड्यावर आहे का ते मेल करून विचारायचो आणि मगच बुकिंग. आणि व्हॅन निवडताना उंची बघा, टोलला दोन मीटरपर्यंतची गाडी पहिल्या वर्गात, त्याच्या वर गेली की दुसऱ्या वर्गात आणि टोल बराच वाढतो.

———

वरच्या ताईंचं अगदी बरोबर आहे. मी पॅरिसबद्दल लिहितो. पॅरिसमध्ये गाडी घेऊच नका, एक दिवससुद्धा नाही. शहरात बहुतेक रस्त्यांवर ३० ची मर्यादा, बाहेरच्या रिंगरोडवर ५०, आणि त्या रिंगरोडवर उजवीकडून आत येणाऱ्याला आधी वाट द्यायची असते, म्हणजे आपण सरळ चाललोय आणि बाजूने येणारे बिनधास्त घुसतात कारण हक्क त्यांचाच. पहिल्याच दिवशी, उजव्या बाजूने चालवायची सवय नसताना, हे कशाला?

त्यापेक्षा पॅरिस मेट्रोने बघा, मग गार द लियॉं स्टेशनवरून तेजेवेने (तिकडची वेगवान रेल्वे) आव्हिन्यों, दोन तास चाळीस मिनिटं, आणि तिथल्या तेजेवे स्टेशनला लागूनच गाड्या भाड्याने देणारे असतात, तिथून गाडी घ्या. सातशे किलोमीटर ड्रायव्हिंग वाचतं, टोल वाचतो. फक्त तिकीट काढताना सामानाचे नियम बघा. नेहमीच्या तेजेवेत माणशी दोन मोठ्या बॅगा आणि एक छोटी चालते, बॅगेवर नावाचा टॅग हवाच. स्वस्तातली जी उईगो आहे तिच्यात मोठ्या बॅगेचे जास्तीचे पैसे, सहा जणांचे धरले की स्वस्ताई बरीचशी संपते. प्लॅटफॉर्म नंबर साधारण वीस मिनिटं आधी लागतो आणि दारं सुटायच्या दोन मिनिटं आधी बंद होतात. डब्यात बॅगा ठेवायच्या जागा दाराजवळ असतात, त्या लवकर भरतात, म्हणून नंबर लागला की एकाने मुलांना आणि आजी-आजोबांना घेऊन सावकाश यायचं आणि दोघांनी बॅगा घेऊन पुढे जायचं असं आम्ही ठरवूनच ठेवलं होतं.

निघायच्या दिवशी हॉटेल सोडून फिरायचं असेल तर बॅगा हॉटेलच्या रिसेप्शनलाच ठेवा नाहीतर स्टेशनवरच्या लॉकरमध्ये. लूव्रला ५५ बाय ३५ बाय २० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग आत घेत नाहीत, तिकीट असलं तरी. आयफेल टॉवरवरही मोठं सामान चालत नाही आणि तिथे ठेवायची सोयही नाही.

———

मी तुलूजला राहते, इकडे बरेच मराठी इंजिनिअर आहेत विमानांच्या कंपनीमुळे, आणि दर उन्हाळ्यात कोणाचे ना कोणाचे आई-बाबा येतात. त्यामुळे हा विषय जवळचा आहे आणि एक गोष्ट कळकळीने सांगते, गाडीत सामान दिसता कामा नये. काहीच नाही. जॅकेट नाही, पाण्याच्या बाटलीची पिशवी नाही, चार्जरची वायरसुद्धा नाही. दक्षिणेकडे, मार्सेय, नीस, आव्हिन्यों, मोंपेलिए, आणि हायवेवरच्या मोठ्या सर्व्हिस एरियात काचा फोडून बॅगा नेतात आणि ते काम मिनिटाभरात होतं. भाड्याची गाडी आणि आत परदेशी बॅगा दिसल्या की त्यांना कळतंच. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाचे पासपोर्ट असेच गेले, मग सगळी ट्रिप सोडून पॅरिसला भारतीय दूतावासात जावं लागलं, त्या काकू रडवेल्या झाल्या होत्या. पासपोर्ट, पैसे, औषधं कायम अंगावरच्या पर्समध्ये. डिकीवरची जी कडक झाकणी असते ती जागेवर आहे का हे गाडी घेतानाच बघा, सीट पाडली की ती काढावी लागते आणि सगळं उघडं पडतं, म्हणून "सीट पाडून बॅगा बसवू" हा हिशोबच करू नका. आणि डिकी उघडून सामान हलवायचं ते निघताना हलवा, पर्यटनस्थळाच्या पार्किंगमध्ये पोचल्यावर नाही, कारण कोणीतरी बघत असतं.

यातून आपोआप एक होतं, रोज हॉटेल बदलायचं नाही. एक घर घ्या चार-पाच रात्रींसाठी, बॅगा तिथे, आणि रिकाम्या गाडीने आजूबाजूला फिरा. प्रोव्हान्समध्ये आव्हिन्यों ते आप्त या पट्ट्यात राहिलात तर गोर्द, रुसियों, पों दु गार सगळं हाताशी आहे. लॅव्हेंडर बघायचं तर व्हालाँसोलला जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत, सो गाव उंचावर आहे तिथे जरा उशिरा. जुलै-ऑगस्टमध्ये गावातली घरं बहुतेक शनिवार ते शनिवार अशीच देतात, त्यामुळे अख्खा देश शनिवारी बॅगा भरून रस्त्यावर असतो. बिझों फ्यूते नावाची सरकारी सेवा आहे, ती रस्त्यावरच्या गर्दीप्रमाणे आधीच कुठला दिवस नारिंगी, लाल, काळा ते सांगते. काळ्या शनिवारी लियॉंकडून दक्षिणेला जाणाऱ्या हायवेवर अडकलात तर सहा तासांचे दहा होतात. तुम्ही जूनमध्ये येताय ते फार चांगलं केलंत.

आणि इकडे तुलूजकडे आलात तर कार्कासोन शंभर किलोमीटरच्या आत आहे. मियोचा पूल पण वाटेत घ्या, २००४ चा, सगळ्यात उंच खांबाचं टोक ३४३ मीटरवर. त्या ए७५ हायवेला टोल फक्त पुलापुरता आहे, बाकी सगळा फुकट.

———

धन्यवाद, किती मनापासून लिहिताय सगळे. नाइन सीटर आणि दोन लहान गाड्या यात आमचं अजून ठरत नाहीये. नवरा एकटाच चालवणार, मी भारतात चालवते पण तिकडे हिंमत होईल का माहीत नाही. आणि इन्शुरन्स, डिपॉझिट हे कोणीतरी सांगा.

———

ताई हिंमत होईल, गाडी ऑटोमॅटिक घ्या फक्त. तिकडे साधं बुकिंग म्हणजे गिअरची गाडी, गिअर उजव्या हाताला, त्यात उजवी बाजू, दोन नव्या गोष्टी एकदम नको. ऑटोमॅटिक कमी असतात आणि महाग, म्हणून दोन-तीन महिने आधी बुक करा. पहिला तास गावाबाहेरच्या रस्त्यावर काढा. गावातून जाताना जिथे काही पाटी नाही तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, पिवळा चौकोनी हिरा दिसला की हक्क आपला. हायवेला १३०, पाऊस असेल तर ११०, दुपदरी साध्या रस्त्याला बहुतेक ठिकाणी ८०. कॅमेरे आहेत, दंड गाडीच्या कंपनीमार्फत तुमच्यापर्यंत पोचतो आणि कंपनी तुमची माहिती कळवण्याचे वेगळे पैसे कार्डावरून कापते.

आंतरराष्ट्रीय परमिट आरटीओतून काढा, हजार रुपये फी, एक वर्ष चालतं, मूळ लायसन्स बरोबर हवंच. डिपॉझिटसाठी मुख्य ड्रायव्हरच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, डेबिट बरेच जण घेत नाहीत, आणि जितकी रक्कम ब्लॉक होते तितकी लिमिट मोकळी ठेवा, तीही हॉटेलं सोडून. साध्या इन्शुरन्समध्ये तुमच्या अंगावर हजार युरोच्या वर सहज येऊ शकतात, पूर्ण कव्हर काउंटरवर महाग, बाहेरून आधी घेतलं तर स्वस्त, पण बाहेरच्यात आधी आपण भरायचे आणि मग मागायचे. आजी-आजोबा बरोबर असताना मी काउंटरवरचं घेतलं, भांडत बसायला वेळ नव्हता. मुलांचं वय दहाच्या आत असेल तर ती मागेच बसणार आणि त्यांच्या मापाची सीट लागणार, तीही आधी सांगायची.

———

आनसी म्हणालात म्हणून. जिनिव्हाला उतरून गाडी घेणार असाल तर त्या विमानतळाला स्विस बाजू आणि फ्रेंच बाजू अशा दोन बाजू आहेत, दोन्हीकडे गाड्या मिळतात, बुकिंगमध्ये कुठली ते नीट वाचा कारण एका बाजूची गाडी दुसऱ्या बाजूला सहसा सोडता येत नाही. स्विस हायवेला ४० फ्रँकचा वर्षाचा स्टिकर लागतो, स्विस बाजूच्या गाडीवर तो असतो, फ्रेंच गाडीवर नसू शकतो. तुमचा जून आहे, पण हिवाळ्यात शामोनीला जाणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो, १ नोव्हेंबर ते ३१ मार्च डोंगराळ भागात हिवाळी टायर किंवा चेन सक्तीची आहे, फ्रेंच बाजूच्या गाडीत ती वेगळी मागून घ्यावी लागते.

———

आम्ही उत्तरेकडे गेलो होतो, नॉर्मंडी आणि मों सें मिशेल, म्हणजे बेटावरचा जुना मठ. तिकडे ए१३ हायवेवर आता टोलनाकेच नाहीत, वर कॅमेरे नंबर टिपतात आणि ७२ तासांच्या आत ऑनलाइन पैसे भरायचे. भाड्याच्या गाडीला हे कोणी आठवण करून देत नाही म्हणून रोज रात्री हॉटेलवर मी आधी नंबर टाकून बघायचो आणि भरायचो. मों सें मिशेलला गाडी अडीच किलोमीटर अलीकडे लावतात, पुढे फुकट बस. बेटावर रात्री राहायची खूप इच्छा होती आणि राहिलो, पण मोठ्या बॅगा अलीकडच्या गाडीत बंद डिकीत आणि एका रात्रीचं सगळ्यांचं मिळून एका पाठीवरच्या सॅकमध्ये, कारण वर सगळा दगडी चढ आणि पायऱ्या आहेत, आणि मठात मोठं सामान आत नेता येत नाही. संध्याकाळी दिवसाचे लोक परत गेल्यावर ती गल्ली अशी मिळते की त्यासाठी तेवढी खटपट करावीच.

———

नाशिकहून. आमची द्राक्षबाग आहे म्हणून बून हे वाइनचं गाव आणि आजूबाजूची गावं बघायला गेलो, दोन मित्र आणि मी, गाडी साधी क्लिओ. तिच्या डिकीत दोन मोठ्या आणि एक केबिन बॅग गेली, तिघांना तेवढंच पुरतं. मागच्या सीटवर एकच माणूस, शेजारी जॅकेटं आणि खाण्याच्या पिशव्या, त्याही उतरताना डिकीत. वाइनच्या बाटल्या घेणार असाल तर दोन गोष्टी. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका, वाइन खराब होऊ शकते, त्यामुळे खरेदी शेवटच्या दिवशी. आणि भारतात येताना माणशी दोन लिटरच ड्युटी फ्री, म्हणजे ७५० च्या दोनच बाटल्या धरा. कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेच्या मधोमध.

आणि जाताना तूप, पेढे, खवा, बर्फी नेऊ नका, दुधाचं आणि मटणाचं काहीही युरोपात बाहेरून आणायला बंदी आहे. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, चटण्या बिनधास्त न्या. लोणी तिकडचं असं आहे की तुपाची आठवण येणार नाही.

———

अमेरिकेतून लिहितोय. आई-बाबांबरोबर जवळजवळ महिनाभर फिरायचं होतं तेव्हा आम्ही भाड्याऐवजी लीज घेतली. युरोपाबाहेर राहणाऱ्यांना फ्रेंच कंपन्या नवी कोरी गाडी तीन आठवडे किंवा जास्त मुदतीला देतात, लाल नंबरप्लेट असते, पूर्ण इन्शुरन्स त्यातच. हवी ती गाडी हवी त्या डिकीसकट मिळते, "तत्सम" म्हणून दुसरी हातात पडत नाही. कमी दिवसांसाठी परवडत नाही. ज्यांना वेळ आहे त्यांनी बघा.

———

तत्सम वरून आठवलं. बुकिंगवर स्टेशन वॅगन दाखवतात आणि काउंटरवर वेगळंच काही देतात, असं आमच्या बाबतीत झालं तेव्हा बायकोने तिथेच पार्किंगमध्ये चारी बॅगा आत ठेवून दाखवल्या, झाकणी बंद होत नव्हती, मग त्यांनी मुकाट बदलून दिली. सही करायच्या आधी बॅगा ठेवून बघा, हे कराच.

परत देताना, लहान गावातली ऑफिसं दुपारी बारा ते दोन बंद, रविवारी बऱ्याचदा दिवसभर बंद, म्हणून रविवारी विमान असेल तर विमानतळावरच द्या. पेट्रोल सुपरमार्केटच्या पंपावर स्वस्त, हायवेवर सगळ्यात महाग. पंपावर गोलातला ई१० म्हणजे पेट्रोल, चौकोनातला बी७ म्हणजे डिझेल, तेच चिन्ह गाडीच्या टाकीच्या झाकणाआतही असतं, जुळवून बघायचं. गाडी देताना चारी बाजूंचा, चाकांचा, छताचा आणि मीटरचा व्हिडिओ, पेट्रोलची पावती जपून. आणि सीटखाली, दाराच्या कप्प्यात, डिकीच्या तळाच्या खाली हात घालून बघा, आमच्या मुलीचा चष्मा तिथेच सापडला.

ताई, तुम्ही दोन गाड्या घेणार असाल तर एकाच नावावर दोन देत नाहीत सहसा, दुसरी तुमच्या नावावर आणि तुमच्या क्रेडिट कार्डावर लागेल. कार्डाची लिमिट आत्तापासूनच वाढवून घ्या.