रोबोटांची अख्खी फौज एका जहाजावर चालते, मग ती बनवलीच कशाला? (स्टार वॉर्स भाग १ ते ३)

भाच्याचा_मामा, कोथरूड

मंडळी, आधीच कबूल करतो, मी स्टार वॉर्सवाला नाही. १९७७ चा पहिला पिक्चर कधीतरी केबलवर अर्धवट बघितलेला, त्यातला तो काळ्या हेल्मेटवाला आणि त्याचा श्वास एवढंच लक्षात. पण गेल्या शनिवारी भाचा राहायला आला, बाहेर धो धो पाऊस, खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, भिडे पूल पाण्याखाली, म्हणजे कुठे जायचा प्रश्नच नाही, आणि पठ्ठ्याने १९९९ चा फँटम मेनेस आणि २००२ चा अटॅक ऑफ द क्लोन्स लागोपाठ बघायला लावले. आई पण बसलेली गवार मोडत. दुसऱ्या भागात मध्येच म्हणते, "हा मुलगा त्या पद्माला सारख्या हाका काय मारतोय, तिला तिची कामं करू दे की." तिला वाटलं मुलीचं नाव पद्मा, आणि 'पद्मे' ही हाक. आता आमच्या घरात ती पद्मेच.

तर प्रश्न. नाबू नावाच्या ग्रहाला ट्रेड फेडरेशनवाले व्यापारी वेढा घालतात, का तर म्हणे व्यापारी मार्गांवरच्या टॅक्सवरून भांडण. ठीक आहे. मग हजारो रोबोट उतरवतात. आणि शेवटी अनाकिन नावाचा एक नऊ वर्षांचा पोरगा चुकून वरचं कंट्रोल जहाज उडवतो आणि खाली सगळे रोबोट माना टाकून ढुप्प. आमच्या सोसायटीत जनरेटर गेला की लिफ्ट, गेट, पाण्याची मोटर एकदम जाते तसं. एवढा पैसा ओतणारे लोक असं का बनवतील?

आणि दुसरं, तो गोड बोलणारा पॅल्पटीन, जो पुढे सम्राट होणार असं भाचा म्हणतो, तोच जर लपून या रोबोटवाल्यांचा पण बॉस असेल तर तो स्वतःशीच कसलं युद्ध खेळतोय? तिसरा भाग बघायचाय अजून, पण स्पॉयलर बिनधास्त टाका, भाच्याने पेपर आधीच फोडलाय.

चाकणचा_फिटर

मामा, पहिल्या प्रश्नाचं मी सांगतो, दुसरा पेठेतल्या लोकांसाठी सोडतो.

मी गेली बरीच वर्षं वेल्डिंग लाइनवर आहे, रोबोट रोज बघतो, पिक्चरमधले नाही, जाळीच्या आत बसून स्पॉट मारणारे पिवळे हात. आता आमच्याकडचा रोबोट हुशार असतो का, तर अजिबात नाही. त्याला पीएलसी, म्हणजे लाइनचा कंट्रोल कॉम्प्युटर, सांगते तेव्हा तो हलतो. जाळीचं दार कोणी उघडलं की इंटरलॉक तुटतो आणि जिथे असेल तिथे थांबतो, हात हवेत. एकदा नवीन आलेल्या ट्रेनी पोराने फुटका पाना उचलायला दार ओढलं, लाइन थांबली, आणि परत चालू करायला, होमला आणायला, अर्धवट वेल्ड झालेले बारा पीस बाजूला काढायला, पाऊण तास गेला. सुपरवायझर जे बोलला ते इथे लिहीत नाही. पण तो इंटरलॉक काढून टाका असं कोणी म्हणालं का? नाही. कारण मालकाला मशीन थांबण्याची जेवढी भीती असते त्यापेक्षा जास्त भीती मशीन न थांबण्याची असते.

तेच इथे आहे. ते बी-वन रोबोट बघा कसे येतात, मोठ्या गाडीचं तोंड उघडतं, रॅक बाहेर सरकतो, हँगरवर शर्ट टांगल्यासारखे घडी घातलेले, मग सगळे एकदम उलगडतात. हे सैन्य नाहीये हो, हा स्टॉक आहे. डोकं वर जहाजात ठेवलं की खालचा सांगाडा स्वस्तात पडतो, एक मेला तर भंगार. आणि महत्त्वाचं म्हणजे बनवणारे कोण, तर व्यापारी. स्वतः लढायची हिंमत नाही, त्यांचा म्होरक्या नूट गनरे बघा, दोन जेडाय, म्हणजे शांतता राखणारे तलवारवाले, जहाजावर आलेत म्हटल्यावर दारं लावून घेतो. अशा माणसाला स्वतःचं डोकं असलेली फौज परवडत नाही, उद्या ती त्याच्याकडेच वळली तर? म्हणून स्विच. तो पोरगा आत घुसला हे नशीब. पण स्विच ही चूक नव्हती, मुद्दाम ठेवलेला होता.

आणि गंमत ऐका, स्पॉयलर. दुसऱ्या तिसऱ्या भागात हे रोबोट वरच्या एका जहाजाच्या जिवावर नाहीत, आपसात बडबडतात, घाबरतात, विनोद पण करतात. म्हणजे सुधारले म्हणायचं. तरीसुद्धा २००५ च्या तिसऱ्या भागात मुस्ताफार ग्रहावर शेवटी काय होतं? एक मेसेज जातो, सगळे युनिट बंद करा, की सगळ्या आकाशगंगेतलं रोबोट सैन्य जागच्या जागी गार. एवढं होऊन पण स्विच काढलाच नव्हता त्यांनी.

शनिवार_पेठी

चाकणकरांनी बरोब्बर धरलंय, फक्त अर्धं सांगितलं. स्विच दोन्ही फौजांना होता, रोबोटांना आणि त्यांच्याशी लढणाऱ्या क्लोनना, म्हणजे एकाच माणसाच्या नकला काढून बनवलेल्या सैनिकांना.

आधी राजकारण सांगतो, मामा, कारण मला स्वतःला या तीन पिक्चरमध्ये तलवारींपेक्षा सिनेटचे, म्हणजे आकाशगंगेच्या संसदेचे, सीन आवडतात, लोक त्यांना बोअर म्हणतात, म्हणू देत. पहिल्या भागातला तो सीन परत लावा. नाबूची राणी, म्हणजे पद्मे, येऊन सांगते आमच्यावर हल्ला झालाय, लोक मरतायत. फेडरेशनचा माणूस तिथेच सिनेटर म्हणून बसलाय, तो म्हणतो पुरावा काय, चौकशी समिती पाठवा. आणि सिनेटचा प्रमुख, चॅन्सलर व्हॅलोरम, बिचारा वाईट माणूस नाही, पण बाबूंनी कानात काहीतरी सांगितलं की लगेच म्हणतो, समिती नेमेपर्यंत थांबाल का. समिती! हे बघताना मी हसलो होतो, हा पिक्चर अमेरिकेत बनलाय यावर विश्वास बसेना. आणि पॅल्पटीन राणीच्या बाजूला उभा राहून हळूच सांगतो, बघा, याच्यात दम नाही, अविश्वास ठराव आणा. ती आणते. व्हॅलोरम गेला, नाबूबद्दलच्या सहानुभूतीवर नाबूचाच पॅल्पटीन निवडून आला. वेढा पण त्यानेच घालायला लावला होता. म्हणजे रोबोट फौज जिंकली असती तरी याचा फायदा, हरली तरी फायदा, झालेलं तेच. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे, तो युद्ध जिंकायला खेळतच नाहीये, युद्ध चालू राहावं म्हणून खेळतोय. कारण युद्ध चालू आहे तोवर आणीबाणीचे अधिकार त्याच्याकडे. आणि ते अधिकार द्यायचा ठराव मांडतं कोण, तर पद्मे स्वतः सैन्य उभारायच्या कायद्याच्या विरोधात असताना सिनेटमध्ये तिच्या जागेवर बसवलेला जार जार, पहिल्या भागातलं ते लांब कानांचं विनोदी पात्र. अहो ज्याला लोकांनी १९९९ पासून शिव्या घातल्या त्याच्या हातून लोकशाहीला खड्ड्यात घातलंय, भोळा माणूस बघूनच पकडतात.

एक बारीक गोष्ट कोणी बोलत नाही. पद्मे निवडून आलेली राणी आहे, दोन टर्म झाल्या, लोक तिच्यासाठी घटना बदलायला निघाले होते, ती नाही म्हणून उठली. पॅल्पटीनची मुदत कधीच संपलीय, तरी बसलाय, कारण म्हणे सिनेटचाच आग्रह आहे. दोन्ही एकाच ग्रहाचे.

आता स्विच. क्लोन सैनिक माणसं आहेत, एकमेकांना टोपणनावं आहेत, जेडाय सेनापतींबरोबर तीन वर्षं लढलेत. आणि मग एक हुकूम येतो, ऑर्डर ६६, आणि तेच सैनिक मागून गोळ्या घालतात. मी शनिवारवाड्यापासून हाकेच्या अंतरावर वाढलो, मला दुसरं काही आठवूच शकत नाही. ३० ऑगस्ट १७७३. गारदी वाड्याच्या पहाऱ्यावरचे, पेशव्यांचा पगार खाणारे, आणि त्यांनीच नारायणरावाला मारलं. 'ध'चा 'मा'. एक अक्षर. (ती गोष्ट खरी किती आणि रचलेली किती यावर इथे आधीच रणकंदन झालंय, त्यात शिरत नाही.)

परचेसवाली_ताई

पेठी दादा, गारदी छान, पण मला पटत नाही पूर्ण. गारद्यांना काय करतोय ते माहीत होतं, पैशाचा सौदा होता. क्लोनना माहीत नव्हतं. २०१४ ला आलेल्या क्लोन वॉर्स मालिकेच्या सहाव्या सीझनमध्ये दाखवलंय, डोक्यात चिप होती. फाइव्ह्ज नावाचा एक सैनिक ते शोधून काढतो, जीव तोडून सांगत सुटतो आणि कोणी ऐकत नाही. तो एपिसोड बघून मी भाजी करपवली होती. त्यामुळे गारदी म्हणायचं तर रोबोटवाल्या व्यापाऱ्यांना म्हणा, ते विकत घेतलेले होते आणि काम झाल्यावर त्यांचंही गारद्यांसारखंच झालं.

पण मला खरा राग येतो तो जेडायचा. मी परचेसमध्ये आहे, चौदा वर्षं. नीट ऐका केस काय आहे. ओबी-वान, एक जेडाय, कामिनो ग्रहावर पोचतो, जो ग्रह त्यांच्याच लायब्ररीच्या रेकॉर्डमधून कोणीतरी पुसलाय. तिथला व्हेंडर म्हणतो, या या, तुमची ऑर्डर तयार आहे, दोन लाख युनिट रेडी आणि दहा लाख मार्गावर. कसली ऑर्डर? दहा वर्षांपूर्वी साइफो-डायस नावाच्या तुमच्याच मास्टरने दिलेली. तो तर तेव्हाच वारला. ज्याच्यावरून क्लोन काढले तो जँगो फेट म्हणतो मला टायरेनस नावाच्या माणसाने नेमलं. हा टायरेनस कोण? माहीत नाही. पैसे कोणी भरले? विचारलंच नाही!! अप्रूव्हल नाही, पीओवर, म्हणजे परचेस ऑर्डरवर, सही करणारा मेलेला, व्हेंडर मास्टरमध्ये, म्हणजे मान्य पुरवठादारांच्या यादीत, नाही, आणि यांनी त्याच आठवड्यात डिलिव्हरी घेतली. माझ्याकडे अशी एक फाइल आली असती, नुसत्या खुर्च्यांची, तरी ऑडिटवाल्यांनी मला उलटं टांगलं असतं.

आणि टायरेनस म्हणजे काउंट डूकू. शत्रूचा नेता. एका बाजूला रोबोटांची फौज चालवतोय आणि तिच्याशी लढणाऱ्या फौजेचा नमुना पण त्यानेच निवडलाय. त्यात कहर म्हणजे जिओनोसिस ग्रहावर ओबी-वानला बांधून ठेवलेलं असताना डूकू त्याला सरळ खरं सांगतो, की सिनेट सिडियस नावाच्या सिथच्या (जेडायच्या जुन्या वैऱ्याच्या, आणि तो म्हणजे पॅल्पटीनच) ताब्यात आहे. ओबी-वान म्हणतो शक्य नाही, आम्हाला कळलं असतं. संपला विषय. खरं अशा वेळी अशा तोंडाने सांगायचं की समोरच्याने ते खोटं म्हणून टाकून द्यावं, याला म्हणतात कावा.

पुढे त्याच सीझनमध्ये जेडायना कळतं सुद्धा की फौजेमागे डूकूचा हात होता. मग काय करतात? झाकून ठेवतात. युद्ध चालू आहे, आता बोंब झाली तर लोकांचा विश्वास जाईल म्हणून.

शनिवार_पेठी

ताई, हे तुम्ही लिहिलंत आणि मला माझ्याच उदाहरणातला फरक कळला. गारद्यांचं सोडा. इथे खून झाल्यावर रघुनाथराव पेशवा झाला खरा, पण रामशास्त्री उभा राहिला, तोंडावर दोषी म्हणाला. मग नाना, सखारामबापू वगैरे बारभाई जमले आणि १७७४ मध्ये जन्मलेल्या तान्ह्या पोराच्या नावाने कारभार हातात घेतला. तिथे रामशास्त्री कोण व्हायला पाहिजे होतं? जेडाय. त्यांचं कामच ते होतं, शांतता राखणं, मध्ये पडणं. आणि तेच सेनापती होऊन बसले, न तपासलेल्या फौजेचे. न्यायाधीशाने पागोटं उतरवून घोड्यावर बसायचं म्हटलं की निवाडा करायला उरतं कोण.

चाकणचा_फिटर

ताई, खुर्च्यांची फाइल 😂

मामा, एक जाता जाता. तो पॅल्पटीनचा नट, इयान मॅकडायर्मिड, त्याने १९८३ च्या पिक्चरमध्ये मेकअप लावून म्हातारा सम्राट केला होता, आणि सोळा वर्षांनी त्याच सम्राटाचा तरुणपणीचा रोल मेकअपशिवाय केला. तिसऱ्या भागात ऑपेरा बघताना तो अनाकिनशी बोलतो तो सीन चुकवू नका, एकही रोबोट नाही, नुसतं बोलणं, आणि मी दर वेळी पुढे सरकून बसतो.

भाच्याचा_मामा, कोथरूड

बाप रे. एवढं अपेक्षित नव्हतं, धन्यवाद सगळ्यांना. स्विचचं पटलं, एकदम पटलं. भाच्याला वाचून दाखवलं तर तो म्हणे हे मला माहीतच होतं, फक्त तू नीट विचारलं नाहीस. सातवीतला आहे.

सोसायटीच्या जनरेटरचं मात्र मी मीटिंगमध्ये काढणार आहे. चेअरमन म्हणतील समिती नेमू.

तिसरा भाग उद्या रात्री जेवणं झाल्यावर लावतोय. आई पण बसणार म्हणते, दुपारीच झोप काढून ठेवणारे, पद्मेचं पुढे काय होतं ते बघायचंय तिला. आम्ही दोघांनी अजून काही सांगितलेलं नाही.