अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळातला जॅझ: कुठून सुरुवात करू?

निशिगंध: घरात पहिल्यापासून शास्त्रीय आणि नाट्यसंगीत. आता मुलगी जॅझ ऐकते, तिच्यासोबत बसावंसं वाटतं. १९२० च्या दशकातलं आधी काय ऐकू? तो काळही समजून घ्यायचाय. जाणकारांनी कृपया सुचवा.

सुरपेटी: ताई, बालगंधर्वांच्या तबकड्या ऐकल्या असतील तर तुमचा कान तयारच आहे. इथेही मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू, तीनेक मिनिटांत सगळं मांडायचं.

आधी किंग ऑलिव्हरच्या बँडची १९२३ ची मुद्रणं ऐका, इंडियानातल्या रिचमंडला जेनेट कंपनीत झालेली. मायक्रोफोन नव्हता, सगळे एका कर्ण्यासमोर वाजवायचे. तरुण लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट (ट्रम्पेटसारखंच वाद्य) इतका दणदणीत, की त्याला बाकीच्यांपासून लांब उभं केलं होतं. खरखर फार आहे. हेडफोन लावून तीन-चारदा ऐका, मग क्लॅरिनेट वेगळी कळू लागते.

मग थेट १९२८ चं 'वेस्ट एंड ब्लूज'. तोवर विजेवरचं मुद्रण आलं होतं. सुरुवातीला आर्मस्ट्राँग एकटा, ठेक्याशिवाय, ट्रम्पेटवर. मला तो बंदिशीआधीचा आलापच वाटतो. मध्ये तो शब्दांविना गातो, क्लॅरिनेटशी सवाल-जवाब चालतो. शेवटाकडे एकच वरचा सूर जवळजवळ सोळा मात्रा धरतो. मोजून बघा!

दर्यावर्दी: काळाबद्दल थोडं. बंदी १७ जानेवारी १९२० ला लागू झाली, ५ डिसेंबर १९३३ ला उठली. दारू बनवणं, विकणं, वाहून नेणं गुन्हा होता, पिणं नव्हे. डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानात व्हिस्की मिळे. चोरट्या अड्ड्यांना गिऱ्हाईक खेचायला संगीत लागे, त्यावर कितीतरी वादकांची चूल पेटली.

पण न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या कॉटन क्लबबद्दल मुलीला जरूर सांगा. १९२७ च्या अखेरीपासून तिथे ड्यूक एलिंग्टनचा बँड होता. वाजवणारे, नाचणारे कृष्णवर्णीय, आणि समोर टेबलांवर गोरे. हे माहीत झाल्यापासून मला त्याची त्या वर्षांतली मुद्रणं पूर्वीसारखी ऐकताच येत नाहीत.

सुरपेटी: +१. अजून एक. अर्स्किन टेटच्या बँडच्या १९२६ च्या मुद्रणात आर्मस्ट्राँगसोबत पियानोवर टेडी वेदरफर्ड आहे. तोच पुढे आपल्या मुंबईत, ताजमध्ये वाजवायचा.

निशिगंध: दोघांचे मनापासून आभार. काल रात्री 'वेस्ट एंड ब्लूज' लावलं. मुलगी बोटांवर मात्रा मोजत होती, पंधरापर्यंत गेली. आज किंग ऑलिव्हर.