डिक्कीवरचा जुना शोरूमचा बिल्ला कसा काढू?

सेकंडहँड वॅगनआर घेतली, 2014 ची. भावानं बिल्ल्याखाली स्क्रूड्रायव्हर घातला आणि ओरखडा पाडला. अजून तीन अक्षरं उरलीत.

— आधी तो स्क्रूड्रायव्हर लपवा! हेअर ड्रायरनं दोन-तीन मिनिटं शेका, हाताला सोसेल इतपतच. मग मासे धरायची तंगूस, म्हणजे नायलॉनचा बारीक दोरा, अक्षरामागे घालून करवतीसारखी चालवा. ओढायचं नाही. आम्ही मालवणकडचे, तंगूस घरातच असते.

— उरलेल्या गोंदाला डब्ल्यूडी-40 हा तेलकट स्प्रे लावून बोटानं चोळा. थिनर नको, विशेषतः पत्रा पुन्हा रंगवलेला असेल तर. काही बिल्ल्यांना मागे पिना असतात, निघाल्यावर भोक राहतं. आधी बघा.

— निघाला! पण अक्षरांची सावली दिसतेय.

— भोवतालचा रंग उन्हानं उतरलाय. पॉलिशनं फिकट होईल, पूर्ण जाईलच असं नाही.