टॉम अँड जेरीचे सुरुवातीचे भाग पुन्हा बघितलेत का? अनुभव लिहा

मंडळी, परवा लेकीला घेऊन अगदी पहिला भाग लावला, १९४० चा. त्यात टॉमचं नाव टॉम नाहीच, जॅस्पर आहे! अंगावर केस केवढे, तोंड खऱ्या बोक्यासारखं. घरातली बाई दम देते की आता एक जरी वस्तू फुटली तर तू घराबाहेर, आणि हे उंदराला कळतं, मग काय, तो टेबलाच्या कडेला ग्लास घेऊन उभा, आणि बोक्याचा जीव टांगणीला. लहानपणी मी आपटाआपटीला हसायचे, या वेळी तो ग्लास पडायच्या आधीच हसू फुटलं. तुम्हाला काय दिसलं नव्याने?

---

आमच्याकडे ९६ ला केबल आली. आजीला इंग्रजीचा गंध नाही, पण हे लागलं की वाटाण्यांचं ताट बाजूला सरकवून बघत बसायची, "अगं बाई, शेपटीवरच पडलं की मेल्याच्या!" आता बाबांना ऐकू कमी येतं म्हणून रोज जेवणानंतर दोन भाग लावतो. टॉम अँड जेरी ज्यांनी घडवले त्या हॅना-बार्बेरा जोडीचे १९५८ पर्यंतचे ११४ भाग आहेत, पुरतील बरेच दिवस. बाबा अगदी आजीसारखेच मांडीवर थाप मारून हसतात.

---

मी तबला शिकवतो, मला स्कॉट ब्रॅडलीचं संगीत ऐकायचं असतं. पावलागणिक वाद्य बदलतं हो! पियानोवाल्या भागात (ऑस्करवाला) जेरी आत हातोड्यांवर झोपलेला असतो आणि संगीतकार फ्रान्झ लिस्टची रचना सुरू झाली की तालात उसळतो. विद्यार्थ्यांना दाखवला, सम कुठे येते ते न सांगता कळलं पोरांना.

---

लेकाने विचारलं, टॉमच्या घरातल्या त्या काकूंचे फक्त पायच का दिसतात? काळ्या मोलकरणीचं ठराविक साच्यातलं चित्र होतं ते, तेव्हाच्या अमेरिकेतलं. नंतर टीव्हीसाठी काही भागांत तिच्या जागी गोरी बाई काढली. मला ते आणखीनच वाईट वाटतं. मी भाग बंद नाही केला, पण थांबवून त्याला सगळं नीट सांगितलं, आठ वर्षांचा आहे, कळतं त्याला.

---

धागाकर्तीच परत. खरंच, मी वर "घरातली बाई" लिहून पुढे निघून गेले. काल पुन्हा लावला, फक्त तिचा आवाज ऐकत बसले. लिलियन रँडॉल्फ यांचा आवाज आहे तो. श्रेयनामावलीत कुठेच नाव नाही.