मदत हवी आहे: पाचव्या आवृत्तीत लेझर रायफलचा समतोल कसा साधावा?

कोल्हापुरातील आमचा गट डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे नियम घेऊन अंतराळातील मोहीम खेळत आहे. अडचण शस्त्रांची आहे. डंजन मास्टरच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) पुस्तकातील लेझर रायफल ३डी८ (आठ बाजूंच्या तीन फाशांच्या बेरजेइतकी) इजा करते आणि पाचव्या पातळीवरचा फायटर (योद्धा) एका फेरीत दोनदा मारा करतो, म्हणजे दोन्ही नेम लागल्यास सरासरी २७ गुण, वर डेक्स्टेरिटीची (चपळाईची) भर, आणि तेही प्रत्येक फेरीत. विझार्डच्या (जादूगाराच्या) फायरबॉल मंत्राची सरासरी २८ असली, तरी तो मोजक्याच वेळा टाकता येत असल्याने त्या खेळाडूला लढाईत जवळजवळ काम उरलेले नाही.

इजा २डी६ वर आणली, तर रायफल आणि ग्रेटस्वोर्ड (मोठी तलवार) एकाच मापाची झाली, जे हास्यास्पद वाटते. शत्रूंचे हिट पॉइंट (इजा सोसण्याचे गुण) वाढवले, तर एकेक चकमक अर्धा रविवार खाऊ लागली. कृपया वेगळी प्रणाली सुचवू नये, कारण नवे नियम शिकण्यास गटात कोणीही तयार नाही. जादूही काढायची नाही. अशा स्थितीत चिलखताने प्रत्येक माऱ्यातील ठरावीक इजा शोषावी, की ३० माऱ्यांचा ऊर्जासेल पाच-सहा माऱ्यांतच संपवावा? प्रत्यक्ष खेळून पाहिलेल्यांपैकी कोणी आकड्यांसह सांगू शकेल का?