पंचाबरोबर वर येणारा स्लग इव्हेंट कॅमेऱ्यात सापडेल का?

प्रेसवाला_वागळे:
वागळे इस्टेटमध्ये माझं छोटं प्रेस शॉप आहे. ०.५ मिमी सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्र्याचे वॉशर, मिनिटाला ४०० स्ट्रोक. अधूनमधून स्लग, म्हणजे भोक पाडताना कापून निघणारी चकती, खाली पडायच्या ऐवजी पंचाला (भोक पाडणाऱ्या दांड्याला) चिकटून वर येतो, पत्र्याच्या पट्टीवर पडतो आणि पुढच्या स्ट्रोकला डायची (खालच्या साच्याची) वाट लागते. या महिन्यात दोन पंच गेले. मोबाईलच्या सेकंदाला २४० फ्रेमवाल्या स्लो-मोशनमध्ये एका स्ट्रोकची ३६ चित्रं मिळतात. एकात स्लग भोकात, पुढच्यात थेट पट्टीवर! भाचा म्हणतो, इव्हेंट कॅमेरा घे, त्यात फ्रेमच नसते. मग दिसतं काय, कपाळ?

ऐरोलीकर:
दादा, चित्र नाही, बदल दिसतो. प्रत्येक पिक्सेल स्वतंत्र. त्याच्यावरचा उजेड ठरावीक प्रमाणात वाढला किंवा घटला की तेवढाच पिक्सेल आपली जागा आणि मायक्रोसेकंदातली वेळ कळवतो. जे हलत नाही ते गप्प. २००८ साली लिख्टस्टाइनर, पोश आणि डेलब्रुक यांनी झुरिचमधून मांडलेला सेन्सर जेमतेम १२८ × १२८ पिक्सेलचा होता. सोनी-प्रोफेसीचा आयएमएक्स६३६ आज १२८० × ७२० आहे.

पण मी पहिल्यांदा लावला तेव्हा तोंडावर आपटलो. कॅमेरा प्रेसच्याच बॉडीवर बसवला होता. प्रेस थरथरली की कॅमेऱ्याला अख्खी डाय हलताना दिसते, सगळ्या कडा एकदम बोंबलतात. वेगळा स्टँड घ्या, जमिनीवर. दुसरं म्हणजे शॉपमधले दिवे. ५० हर्ट्झच्या लाइनवर ते सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, आपल्याला कळत नाही, याला कळतं. मागून डीसीवर चालणारं एलईडी पॅनल द्या आणि स्लगची काळी सावली बघा. क्रँकच्या (प्रेस वर-खाली करणाऱ्या फिरत्या शाफ्टच्या) प्रॉक्सीचा, म्हणजे धातू जवळ आला की सिग्नल देणाऱ्या सेन्सरचा, पल्स कॅमेऱ्याच्या ट्रिगरला जोडा. तुमच्या स्पीडला एक अंश म्हणजे साधारण ०.४ मिलिसेकंद, त्यामुळे स्लग कितव्या अंशाला सुटला ते निघेल.

टूलरूम_महापे:
कॅमेरा घ्या हो, पण ग्राइंडिंगनंतर पंच डिमॅग्नेटाइज केला होता का, म्हणजे त्यातलं चुंबकत्व काढलं होतं का? मॅग्नेटिक चकवरून (ग्राइंडिंगला पंच धरणाऱ्या चुंबकावरून) उचलून तसाच बसवला तर स्लग चिकटणारच. शिवाय तेल घट्ट असेल तर आणखी. पंचात स्लग खाली ढकलणारी स्प्रिंगची इजेक्टर पिन बसते का बघा.

प्रेसवाला_वागळे:
नव्हता केला. कारागीर म्हणाला, "शेठ, तुम्हीच घाई केलीत." आज केला. रोज पंधराएक यायचे, आज संध्याकाळपर्यंत दोन. पंच बारीक आहे, पिनला जागा नाही. ऐरोलीकर, या दोनसाठी कॅमेरा आठवडाभर भाड्याने कुठे मिळेल?